निर्देशांक मापन यंत्र : कोकण किनारपट्टीवरील वापर

निर्देशांक मापन यंत्र, म्हणजे कारखान्यात सगळे ज्याला सीएमएम म्हणतात ते, तयार जॉबवरील, म्हणजे मोजायच्या भागावरील, बिंदूंचे एक्स, वाय, झेड अक्षांवरचे स्थान नोंदवते आणि त्यावरून काढलेली मापे ड्रॉइंगशी ताडून पाहते. ग्रॅनाइटचे टेबल, हवेच्या पातळ थरावर सरकणारा पूल आणि प्रोबच्या, म्हणजे जॉबला स्पर्श करणाऱ्या दांडीच्या, टोकाला कृत्रिम माणकाचा मणी, ही त्याची नेहमीची रचना. ब्रिटनच्या फेरांटी कंपनीने 1950 च्या दशकात अशा यंत्रांची सुरुवात केली. स्पर्श होताच संकेत देणारा प्रोब डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी 1970 च्या दशकारंभी कॉन्कॉर्ड विमानाच्या इंजिनातील इंधननळ्या मोजण्यासाठी तयार केला.

मुख्य पृष्ठावर तीन, बाजूवर दोन आणि टोकावर एक बिंदू घेतला की जॉबचे स्वतःचे अक्ष ठरतात. तो टेबलावर थोडा तिरका बसला तरी बिघडत नाही. गफलत होते ती बिंदूंच्या कंजुषीत. तीन बिंदूंतून वर्तुळ नेहमीच बिनचूक बसते. तीन जबड्यांच्या चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या साधनात) जास्त आवळलेल्या पातळ जॉबचा बोअर, म्हणजे आतले गोल भोक, तीन ठिकाणी फुगतो, आणि 120 अंशांवर घेतलेले तीन बिंदू नेमका हाच दोष लपवतात. अशा वेळी प्रोब पृष्ठभागावरून सलग फिरवून शेकडो बिंदू घेणारे स्कॅनिंगच हवे.

कोकणात यंत्रापेक्षा खोली सांभाळणे कठीण. मापाचे प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस आहे. 30 अंशांवर 500 मिमीचा पोलादी जॉब सुमारे 58 मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग), तर ॲल्युमिनियमचा सुमारे 115 मायक्रॉनने वाढलेला असतो. म्हणून रत्नागिरी किंवा कुडाळच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमधून आलेला जॉब आधी वातानुकूलित खोलीत निवू द्यावा लागतो. डिस्पॅचची घाई असली की पहिली काट याच वेळेला बसते.

पावसाळ्यात दुखणे वेगळे. जून-जुलैच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव होते तो, 20 अंशांच्या बराच वर असतो. दार उघडे राहिले की थंड गेज ब्लॉकवर (अचूक मापाच्या पोलादी ठोकळ्यावर) दव धरते, त्यात घामट बोटाचा ठसा पडला तर गंज ठरलेलाच. पूल ज्यावर सरकतो त्या काँप्रेसरच्या हवेतही पाणी येते. ते पुलाच्या हवेच्या बेअरिंगमध्ये जाऊ नये म्हणून ड्रायर आणि फिल्टर लागतात, टाकीतले पाणी रोज सोडावे लागते.

प्रकाशाने मोजणारा हातातला स्कॅनर मात्र थेट बंदरावर नेता येतो. मासेमारी बोटीच्या झिजलेल्या पंख्याची पाती अशी टिपून मूळ आकाराशी ताडता येतात. फरक पडद्यावर रंगांत दिसतो. पितळी पाते घासून चकचकीत केलेले असेल तर आधी पांढऱ्या पावडरीचा फवारा मारावा लागतो. त्याच पंख्याच्या शाफ्टचे भोक काही मायक्रॉनमध्ये बसवायचे असेल, तर स्कॅनरच्या आकड्यावर विसंबू नये. ते सीएमएमवर किंवा बोअर गेजनेच मोजावे.