टीबीची गोळी अन् लिव्हरमधले मजूर

आमच्या शेजारच्या वहिनीला टीबी निघाला, उपचार वेळेवर सुरू झाला, आशाताई येऊन गोळ्या मोजून जायची, सगळं बरोबर चाललं होतं आणि चौथ्या महिन्यात कळलं की वहिनीला दिवस गेले. माला-डी, म्हणजे दिवस जाऊ नयेत म्हणून घ्यायची गोळी, रोज घेत होती ती. घरचे तिलाच बोलले, "तूच इसरली असशीन!" पण ती विसरली नव्हती हो.

आपण गिळलेली गोळी आतड्यातून आधी लिव्हरमध्ये जाते, तिथे सायटोक्रोम पी-४५० नावाचे एन्झाइम तिची मोडतोड करतात. यातला ३ए४ नावाचा एकटाच जवळपास निम्म्या औषधांचं काम बघतो. आता टीबीच्या गोळीत रिफाम्पिसिन असतं, लघवी लालसर होते ना ती त्याच्यानंच. हे रिफाम्पिसिन लिव्हरला एन्झाइम वाढवायला लावतं. कापूस फुटला की आपण बाहेरगावचे मजूर आणतो तसं समजा, आठवड्या-दोन आठवड्यात पूर्ण टोळी कामावर. फक्त ही टोळी वावर कोणाचं ते बघत नाही, माला-डीतली दोन्ही हार्मोन पण झपाट्यानं मोडून टाकते, मग गोळी रोज पोटात जाते पण रक्तात पुरेशी टिकतच नाही.

पण म्हणून टीबीची गोळी सोडायची नाही, अजिबात नाही! कॉपर-टी बसवा, तिचा लिव्हरशी संबंधच नाही, किंवा निरोध वापरा, आणि कोर्स संपल्यावरही महिनाभर काळजी घ्या कारण टोळी लगेच गावाला परतत नाही. रक्त पातळ करायची वारफेरिन चालू असेल तर जास्त जपा, कोर्समध्ये तिचा डोस वाढवावा लागतो आणि नंतर तो कमी करायचं राहून गेलं तर रक्तस्राव होऊ शकतो.

याच्या उलटंही होतं. गजकर्णासाठी लोक मेडिकलमधून सरळ फ्लुकोनॅझोल आणतात, ते २सी९ नावाच्या एन्झाइमचं काम अडवून धरतं, आणि शुगरची ग्लिमेपिराइड त्याच्याच हातून मोडते. मग ती रक्तात साचते, शुगर खाली येते. वावरात दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरले की आपण म्हणतो ऊन लागलं आणि सावलीत निजवतो. शुगरची गोळी घेणारा माणूस असेल आणि शुद्धीत असेल तर आधी साखर-पाणी पाजा, अन् लगेच दवाखान्यात न्या, कारण शुगर पुन्हा खाली जाऊ शकते.