'क्षमता' या शब्दाचा गुंता: नवोदय प्रवेश परीक्षेची पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या खेडगावच्या नवोदयसाठी, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेसाठी, पाचवीची मुलं जो पेपर सोडवतात, त्यात १०० पैकी ५० गुण 'मानसिक क्षमता' या एकाच भागाला आहेत. ४० प्रश्न, सगळे आकृत्यांचे: गटात न बसणारी आकृती, आरशातली प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल. अंकगणित आणि भाषेला प्रत्येकी २५ गुण.

क्षमता म्हणजे आज जे जमतं ते. अभियोग्यता म्हणजे शिकवलं तर पुढे किती जमेल, याचा अंदाज. १९८६च्या शैक्षणिक धोरणातून या शाळा वाढल्या, त्यांना हवी होती ती अभियोग्यता. शब्दांवर अवलंबून नसलेले प्रश्न दिले की खेड्यातलं हुशार मूल मागे पडणार नाही, ही त्यामागची धारणा. पेपरवर नाव मात्र 'क्षमता' असंच आलं.

आठवीच्या आर्थिक दुर्बल घटकांच्या शिष्यवृत्तीत हा गोंधळ आणखी वाढतो. तिथे ९०-९० गुणांचे दोन पेपर: 'बौद्धिक क्षमता' आणि 'शालेय क्षमता'. दुसऱ्याच्या मूळ इंग्रजी नावात 'ॲप्टिट्यूड' म्हणजे अभियोग्यता आहे, मराठीत त्याचीही क्षमताच झाली. आणि आत काय? विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०, सातवी-आठवीचा पाठ्यक्रम. ही ना क्षमता ना अभियोग्यता, ही संपादणूक, म्हणजे शाळेत शिकवलेल्यातलं किती आलं त्याचं मोजमाप. अमेरिकेतल्या 'सॅट' या महाविद्यालयीन प्रवेश चाचणीच्या नावात १९२६ पासून 'ॲप्टिट्यूड' हा शब्द होता, तिथून तो १९९० मध्ये काढला गेला. आपल्याकडे अजून चिकटून आहे. दहावीला २०१६ मध्ये सुरू झालेली 'कल चाचणी' सुरुवातीला आवड विचारणारी होती. तिचा निवडीशी संबंध नव्हता, तरी पालक तिलाही 'ॲप्टिट्यूड'च म्हणत.

नावाचा हा गुंता मुलांना भोवतो. नवोदयच्या पेपरात ४० आकृत्यांच्या प्रश्नांना ६० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. आकृत्यांचे दहा प्रकार, प्रत्येकाचे चार प्रश्न, प्रत्येक प्रकाराची सूचना वेगळी. घडीच्या कागदाचा प्रश्न आधी कधीच न पाहिलेलं सुरगाण्यासारख्या दुर्गम आदिवासी तालुक्यातलं मूल पहिली दोन मिनिटं काय विचारलंय हे समजून घेण्यात घालवतं. सरावलेलं मूल तोवर पुढच्या प्रकारावर गेलेलं असतं. शब्द कमी केल्याने भाषेचा अडसर कमी झाला, सरावाचा फरक तसाच राहिला. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना आहेत, हे खरं. पण त्यासाठी तिसरी ते पाचवीची शाळा ग्रामीण भागात आहे का, एवढंच पाहतात. क्लास कुठे लावला होता, हे विचारत नाहीत.