एकदा मानधन घेतलं की गाण्यावरचा हक्क संपतो?

रॉक गायकानं दुसऱ्यासाठी गाणं लिहून एकरकमी पैसे घेतले की विषय संपला, हा समज मुंबईच्या स्टुडिओंत अजून घट्ट आहे. तो चुकीचा आहे. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला, गाण्याचे हक्क घेणाऱ्याच्या बरोबरीचा वाटा करारात सोडून दिला तरी सुटत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. चित्रपटगृहात सिनेमासोबत वाजणारं गाणं मात्र यात येत नाही.

पैसे अडतात ते नोंदणीपाशी. आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी कॉपीराइट संस्था, तिचं सदस्यत्व घ्या आणि प्रत्येक गाणं नोंदवा. शब्द-चालीचे टक्के रेकॉर्डिंगच्याच दिवशी सह्यांनिशी लिहा, बेरीज १००च हवी. एकीकडे रंगमंचावरचं नाव, दुसरीकडे खरं, असं असेल तर नोंदी जुळत नाहीत. गायक म्हणून मिळणारा हक्क वेगळा. तो आयपीआरएसकडे मागू नका.