२२ तासांचा हॅमस्टर

सकाळी नऊपर्यंत लोळणाऱ्याला आपल्याकडे ‘सूर्यवंशी’ म्हणून टोमणे बसतात आणि पहाटे चारला उठणाऱ्याच्या शिस्तीचे गोडवे गायले जातात. उठण्याची वेळ म्हणजे जणू चारित्र्याचा दाखलाच! १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत आलेल्या हॅमस्टरची हकिगत कळली की असा दाखला देताना हात जरा आखडतो.

हॅमस्टर हा उंदराच्या नात्यातला निशाचर प्राणी. अंधार पडला की पिंजऱ्यातल्या चाकावर चढतो आणि पळत सुटतो. चाकाचे फेरे नोंदवत गेलं की तो कधी उठला, कधी निजला ते समजतं. त्याला अखंड अंधारात ठेवलं तरी हा क्रम मोडत नाही. साधारण २४ तासांनी स्वारी पुन्हा चाकावर हजर! बाहेरून कसलीही खूण मिळत नसताना त्याला वेळ कळते, म्हणजे घड्याळ आतच आहे.

ओरेगॉन विद्यापीठात मार्टिन राल्फ आणि मायकेल मेनाकर अशाच नोंदी ठेवत होते. पुरवठादाराकडून आलेल्या हॅमस्टरांमध्ये एक नर वेगळा निघाला. अंधारात त्याचा दिवस २२ तासांतच उरकायचा. इतरांचे ११ दिवस होईतो याचे १२ झालेले. त्याची वीण वाढवल्यावर बदललेलं जनुक आई आणि बाप अशा दोघांकडूनही मिळालेली पिल्लं जन्माला आली. त्यांचा दिवस तर अवघ्या २० तासांचा होता. १९८८मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि या जनुकीय बदलाला ‘टाऊ’ हे नाव मिळालं.

खरी कमाल पुढेच आहे. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर, चेतापेशींचा एक छोटा पुंजका असतो. त्याचं लांबलचक नाव सुप्राकायाझमॅटिक न्यूक्लियस. आपण एससीएन म्हणू. उंदरात त्यात जेमतेम २० हजार पेशी असतात. तो नष्ट केला की प्राण्याचं वेळापत्रक कोलमडतं, हे १९७२पासून माहीत होतं. राल्फ, मेनाकर आणि सहकाऱ्यांनी असे वेळ हरवलेले हॅमस्टर घेतले आणि त्यांच्या मेंदूत दुसऱ्या हॅमस्टरच्या गर्भातला एससीएन बसवला. काही दिवसांनी चाक पुन्हा ठरावीक वेळी फिरू लागलं. पण कोणाच्या वेळेने? देणाऱ्याच्या! २४ तासांचा हॅमस्टर २० तासांचा झाला आणि २० तासांचा २४चा. बाकी सगळा मेंदू, स्नायू, सवयी जुन्याच. १९९०मध्ये छापलेला हा निष्कर्ष माझ्या मते वर्तनाच्या अभ्यासातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी एक आहे.

हा पुंजका शरीराशी बोलतो कसा? १९९६मध्ये रे सिल्व्हर आणि सहकाऱ्यांनी तो सच्छिद्र वेष्टनात बंद करून बसवला. त्यातून रसायनं पाझरू शकत होती, पण चेतातंतू बाहेर पडू शकत नव्हते. तरीही चाकाची लय परतली. सगळं मात्र असं रसायनांवर भागत नाही. मेलाटोनिन या संप्रेरकाची रोजची भरती-ओहोटी चेतातंतूंच्या वाटेनेच ठरते, आणि ती वाट पाठीच्या कण्यातून वळसा घालून पुन्हा मेंदूतल्या पिनियल ग्रंथीपर्यंत जाते.

माणसांचं काय? अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या संशोधकांनी १९९९मध्ये काही कुटुंबांची माहिती दिली. त्यांतल्या अनेकांना संध्याकाळी साडेसातच्या सुमारास झोप अनावर व्हायची आणि पहाटे साडेचारला टक्क जाग यायची. ऐकायला आदर्श वाटतं. पण लग्नाच्या स्वागत समारंभात डुलक्या घेणाऱ्याला विचारा! २००१मध्ये अशा एका कुटुंबातला दोष ‘पर-२’ नावाच्या जनुकात सापडला.

या जनुकाच्या सूचनेवरून बनणारं ‘पर’ प्रथिन पेशीत साठत जातं, पुरेसं झालं की स्वतःच्याच जनुकाचं काम थांबवतं. मग ते हळूहळू नष्ट होतं आणि जनुक पुन्हा सुरू होतं. या एका फेऱ्याला सुमारे एक दिवस लागतो. प्रथिन किती काळ टिकावं हे ठरवण्यात केसीन कायनेज-१ या विकराचा मोठा हात असतो. त्या कुटुंबातला बदल नेमका हे विकर जिथे काम करतं तिथला होता. आणि टाऊ हॅमस्टरमधलं बिघडलेलं जनुक कोणतं, हे २०००मध्ये उघड झालं होतं: याच विकराचं!

बहुतेकांचं घड्याळ मात्र किंचित मंद असतं. हार्वर्डमधल्या मोजमापानुसार सरासरी २४ तास ११ मिनिटं. त्याला रोज थोडं पुढे ढकलतो तो सकाळचा उजेड. रात्रीचा उजेड उलट मागे ओढतो. डोळ्याच्या पडद्यावर मेलानोप्सिन असलेल्या खास पेशी हा उजेड टिपून थेट एससीएनला कळवतात. त्या शाबूत असतील तर दृष्टी गेलेल्या माणसाचंही घड्याळ जुळून राहू शकतं. ज्यांच्यापर्यंत उजेड मुळीच पोहोचत नाही, त्यांच्यापैकी अनेकांची झोप मात्र रोज थोडी सरकते. काही आठवडे रात्री सुखाने झोप लागते, मग काही आठवडे ती भर दुपारी गाठते. २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा सात जणांना रोज निजण्याआधी ठरावीक वेळी मेलाटोनिन दिलं, आणि सहा जणांचं घड्याळ २४ तासांवर स्थिरावलं.