बाप्तिस्म्याची तयारी कोणी करायची?

आमच्या शेजारी, म्हापशाला, सध्या बाप्तिस्म्याची धांदल चालू आहे. बाळ तीन महिन्यांचं. पांढरा फ्रॉक शिवून कपाटात ठेवलाय, केकवाल्याला सांगून झालंय. घोडं अडलंय ते पाद्रीनावर. पाद्रीन म्हणजे धर्मपिता. तो होणार बाळाचा मामा, आणि मामा तारवटी. बोटीवरून डिसेंबरात उतरेल, तेव्हा तारीख धरायची. पाद्रीनाच्या जागी दुसऱ्या कोणाला उभं करता येतं, तशी सोय चर्चच्या कायद्यात जुनीच आहे, पण मामाला ते मान्य नाही.

दरम्यान चर्चच्या ऑफिसात सुनेने कागद नेऊन दिले: बाळाचा जन्मदाखला, आईवडिलांच्या चर्चमधल्या लग्नाचा दाखला, पाद्रीन आणि माद्रीन (धर्ममाता) या दोघा धर्मपालकांच्या दृढीकरणाचे, म्हणजे कन्फर्मेशनचे, दाखले. तिथे तिला सांगितलं, आईवडिलांनी आणि जमेल तर धर्मपालकांनी वर्गाला बसायचं. हे ऐकून बाळाची आजी, म्हणजे आमची शेजारची माय, हसतच सुटली. "बातिज्म भुरग्याचो, आनी शाळा आवय-बापायक?" म्हणजे बाप्तिस्मा पोराचा आणि शाळा आईबापांना?

माय सत्तरीच्या पुढची. तिचा थोरला १९६६ चा. त्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा ती चर्चमध्ये नव्हतीच. आठ दिवसांची बाळंतीण, खाटेवर. बाळाला माद्रीन घेऊन गेली, माद्रीनच घेऊन आली. "माका कोण व्हरता?", मला कोण नेणार, असं ती विचारते. त्यात तक्रारीचा सूर अजिबात नसतो, रीतच तशी होती. मला मात्र ते चमत्कारिक वाटलं. मुलाच्या आयुष्यातला पहिला संस्कार आणि आई घरी! मग जुनं जरा उलगडून पाहिलं.

सुरुवातीच्या शतकांत तयारी करायची ती स्वतः बाप्तिस्मा घेणाऱ्याने. लहान मुलांचे बाप्तिस्मे तेव्हाही होत, पण येणारे बरेचसे प्रौढ असत आणि त्यांना थांबवून ठेवलं जाई. चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमधल्या एल्विरा इथल्या धर्मसभेने यासाठी दोन वर्षांची मुदत घालून दिली होती. या उमेदवारांना कातेकूमेन म्हणत. त्यांनी शिकायचं, उपास करायचे, आणि ईस्टरच्या रात्री पाण्यात उतरायचं. संत ऑगस्टीनची आई मोनिका चांगली श्रद्धाळू ख्रिस्ती, तरी तिने मुलाचा बाप्तिस्मा लहानपणी केला नाही. तो झाला ३८७ साली मिलानमध्ये, ऑगस्टीन तिशी ओलांडल्यावर.

गंमत अशी, की पुढे याच ऑगस्टीनच्या शिकवणीने घाई सुरू झाली. मूळ पाप घेऊनच मूल जन्मतं आणि ते धुतलं जातं बाप्तिस्म्याने. मग बाळ आधीच दगावलं तर? त्या काळी बाळं दगावत, घरटी दगावत. आईबापांना झोप कशी लागावी? पुढे मध्ययुगात अशा बाळांसाठी स्वर्गाच्या उंबऱ्यावरची 'लिंबो' नावाची जागा कल्पिली गेली. तो चर्चचा बंधनकारक सिद्धान्त कधीच नव्हता, पण भीती घालायला पुरेसा होता. १४४२ साली फ्लोरेन्सच्या धर्मसभेने बजावलं, की चाळीस किंवा ऐंशी दिवस थांबायची काही ठिकाणची चाल सोडा, बाप्तिस्मा लवकरात लवकर द्या.

इथे आईचा पत्ता कटला. बाप्तिस्मा आठवड्याभरात, आणि बाळंतिणीने चर्चमध्ये जायचं साधारण चाळीस दिवसांनी, तेही तिच्यासाठीचा वेगळा आशीर्वाद घेऊन. सव्वा महिन्याचा हिशेब आपल्याकडच्या कोणाला नवा नाही. मुलाला उचलायला उरली माद्रीन. १६१४ च्या रोमन विधिग्रंथात तर पाद्री बाळालाच प्रश्न विचारतो: तुला बाप्तिस्मा घ्यायचा आहे का? लॅटिनमध्ये "वोलो", म्हणजे "घ्यायचा आहे", असं उत्तर बाळाच्या वतीने धर्मपालक देतात. प्रश्न प्रौढांच्या विधीतले, उत्तर तिसऱ्याचं, आणि आईबाप चित्रात नाहीत.

गोव्यात ही गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, कारण इथे आधी प्रौढच होते. १५१० मध्ये पोर्तुगीज आले, १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये शिरलं की बाप्तिस्म्याचं दगडी कुंड दिसतं. ते १५३२ चं, म्हणजे ज्या इमारतीत आहे तिच्याहून जुनं, कारण तिचं बांधकाम सुरू झालं १५६२ ला. झेवियरने याच कुंडात बाप्तिस्मे दिल्याचं सांगतात. जेझुइट संघाच्या पाद्र्यांनी गोव्यात कातेकूमेनांसाठी वेगळं घर चालवलं. तिथे राहायचं, प्रार्थना पाठ करायच्या, मग पाणी. कागदावर जुनीच शिस्त.

पण शिस्तीमागे सरकारही उभं होतं. १५५९ च्या राजाज्ञेने अनाथ हिंदू मुलं ताब्यात घेऊन ख्रिस्ती करायची मुभा मिळाली, १५६० ला इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं आणि मधली चारेक वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत टिकलं. सामूहिक बाप्तिस्म्यांचे मोठे सोहळे होत, पोर्तुगीज अधिकारी पाद्रीन म्हणून उभे राहत आणि नवख्रिस्ती अनेकदा त्यांचंच आडनाव लावत. आज एकेका वाड्यावर सगळे फर्नांडिस किंवा सगळे डिसोझा दिसतात, त्याच्या मुळाशी हे आहे. अशा बाप्तिस्म्यांत किती तयारी झाली असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

आधी पाणी, मग शिकवण, अशी उलटी गाडी मग सुरू झाली. आपल्या मराठीच्या दृष्टीने त्यातून एक मोठी गोष्ट हाती लागली. नवख्रिस्ती म्हणू लागले, आमची जुनी पुराणं काढून घेतलीत, तर तसं काही वाचायला द्या. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे ११ हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण मराठीत रचलं. ते १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला रोमन अक्षरांत छापलं गेलं. बाप्तिस्मा झाल्यानंतरचं शिक्षण म्हणून त्याच्याकडे पाहिलं, तर आज चर्चच्या हॉलमध्ये चालणाऱ्या वर्गाचं हे दूरचं पूर्वजच म्हणायचं. मराठी शाळांतून ते 'परदेशी माणसाने लिहिलेली ओवी' एवढंच शिकवून सोडतात, हे मला नेहमी खटकतं.

दुसरी, नोंदवहीची गोष्ट. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये ठरवलं, की धर्मपालक एक किंवा फार तर एक पुरुष आणि एक बाई, आणि पाद्र्याने त्यांची नावं विचारून वहीत लिहायची. कारण निराळंच होतं. बाप्तिस्म्यामुळे नातं जडतं आणि त्या नात्यात लग्न चालत नाही, म्हणून कोण कोणाचा पाद्रीन हे लेखी हवं. गोव्यात १५६७ च्या प्रांतिक धर्मसभेनंतर ट्रेंटचे नियम रुजले. १९१० ला पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आलं आणि त्यानंतर सरकारी जन्मनोंदणी सक्तीची झाली. तोवर कॅथलिक माणसाच्या जन्माचा पुरावा म्हणजे ही वहीच. चर्चच्या जुन्या वह्यांपैकी कितीतरी आज पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत आणि घराण्याचा माग काढणारे तिथे त्या चाळत बसतात. लग्नातली अडचण टाळायला सुरू झालेली नोंद वंशावळीच्या कामी आली.

या सगळ्यात घराच्या आतली तयारी मात्र बायकांच्याच हाती राहिली. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने जन्म, लग्न, मृत्यू यांच्या जुन्या चालींवर लांबलचक बंदी घातली. दोनशे वर्षांपूर्वी बाटलेल्या घरांतून त्या चाली तोवर गेल्या नव्हत्या, एवढं त्यावरून कळतं. आणि वयजीण! गावची सुईण. मूल निळं पडलं की पाद्र्याची वाट न बघता कपाळावर पाणी घालून मंत्र म्हणायची मुभा तिला होती, आजही कोणालाही आहे. चर्चच्या कायद्यानुसार अशा प्रसंगी बाप्तिस्मा देणारा स्वतः ख्रिस्ती असायलाच हवा असंही नाही, हेतू तेवढा चर्चचा हवा. म्हणजे वेळ पडल्यास शेजारच्या हिंदू बाईलाही तो देता येईल. हे मी मायला सांगितलं, तर ती म्हणाली, ते तिला ठाऊक आहे.

आई परत आली ती दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेमुळे. १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात स्पष्ट म्हटलं होतं, की लहान मुलांचा विधी बदला, त्यात आईवडील आणि धर्मपालकांची भूमिका ठळक करा. १९६९ मध्ये नवा विधी आला. आता पाद्री दाराशी आईवडिलांनाच विचारतो, मुलाचं नाव काय ठेवलंत, चर्चकडे काय मागता? त्यांनी स्वतःच्या तोंडाने उत्तर द्यायचं. इथे तो कोंकणीत होतो, वोलो-बिलो काही नाही.

प्रश्न आईबापांना, तर अभ्यासही त्यांचाच, हे ओघानेच आलं. चर्चच्या १९८३ च्या कायद्यात ते लिहूनच टाकलं: बाप्तिस्मा पहिल्या काही आठवड्यांत व्हावा, पण आईवडील आणि धर्मपालक यांना त्याचा अर्थ नीट समजावून द्यावा. पाद्रीन-माद्रीन सोळा वर्षांवरचे, दृढीकरण झालेले कॅथलिक हवेत, आणि आईवडील स्वतः धर्मपालक होऊ शकत नाहीत. नाव संताचंच हवं हा १९१७ च्या कायद्यातला आग्रह सैल झाला. ख्रिस्ती भावनेला परकं नसलं की पुरे. शेजारच्या बाळाला दोन नावं ठेवायची आहेत, एक संताचं मायच्या हट्टासाठी आणि एक हाक मारायला.

मायच्या दोन बाळंतपणांत हा सगळा बदल मावतो. थोरल्याच्या वेळी ती खाटेवर. १९८४ ला शेंडेफळ झालं, तेव्हा ती बाळाला कुशीत घेऊन चर्चमध्ये उभी होती, पण वर्ग काही कोणी घेतला नाही. आता त्या शेंडेफळाचं बाळ. पहिल्या आठवड्यांची घाईही गेली, नाहीतर बोटीवरच्या मामासाठी कोण थांबलं असतं? २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रीय आयोगानेही म्हटलं, की बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांच्या तारणाची आशा धरायला आधार आहे.

विधीत मात्र जुन्या तयारीची एक खूण अजून शिल्लक आहे. पाण्याआधी बाळाच्या छातीला तेल लावतात, त्याचं नाव कातेकूमेनांचं तेल. तीन महिन्यांच्या, दूध ओकणाऱ्या पोराला उमेदवाराचं तेल!

वर्ग शनिवारी चार वाजता आहे. नवरा-बायको दोघं स्कूटरवरून जाणार. बाळाला नेऊ नका म्हणून सांगितलंय, तेव्हा या खेपेला बाळाबरोबर घरी माय थांबणार आहे.