यकृतातली चरबी आणि आतड्याचं अस्तर

सांगलीत सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ दिसलं, की घरात पहिली गदा येते ती तेला-तुपावर. चहा मात्र साखरेऐवजी गुळाचा होतो आणि पथ्य पाळल्याचं समाधान मिळतं. गुळाची एवढी मोठी पेठ असलेल्या गावात हे बोलायला जड जातं, पण यकृताच्या लेखी दोन्हींत फारसा फरक नाही. गुळातही मुख्यतः सुक्रोजच (म्हणजे साखरच) असतं आणि सुक्रोजचा निम्मा भाग म्हणजे फ्रुक्टोज.

फ्रुक्टोजपासून यकृत चरबी बनवतं, हे बरंच आधीपासून माहीत आहे. आता संशोधक त्याच्या आधीच्या टप्प्याकडे, आतड्याच्या अस्तराकडे पाहत आहेत. हे अस्तर पेशींच्या एकाच थराचं असतं. वरून श्लेष्माचं आवरण, आणि शेजारच्या पेशी एकमेकींना प्रथिनांच्या टाक्यांनी घट्ट शिवलेल्या. आतड्यातून निघालेलं रक्त पोर्टल शिरेतून थेट यकृतात जातं. यकृताच्या एकूण रक्तपुरवठ्यापैकी सुमारे ७५ टक्के याच वाटेने येतो. त्यामुळे टाके उसवले, की जिवाणूंच्या कवचाचे विषारी तुकडे (एंडोटॉक्सिन) आधी यकृतातच पोहोचतात. तिथल्या कुप्फर पेशी (यकृतातल्या पहारेकरी प्रतिकार-पेशी) खवळतात, दाह सुरू होतो.

२०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी उंदरांमध्ये हेच दाखवलं. भरपूर फ्रुक्टोज दिल्यावर अस्तर कमकुवत झालं, आणि दाहाच्या संदेशांमुळे यकृताने चरबी बनवण्याचा वेग आणखी वाढवला. अस्तर शाबूत राखलं, तेव्हा चरबी कमी साठली. माणसांमध्ये इतका थेट पुरावा अजून नाही. पण फॅटी लिव्हर असलेल्यांचं आतडं निरोगी माणसांपेक्षा जास्त झिरपतं, हे इटलीतल्या डॉक्टरांनी २००९ मध्येच नोंदवलं होतं.

या अस्तराच्या पेशी दर तीन ते पाच दिवसांनी नव्या येतात, आणि मला यातली सर्वांत आशादायक गोष्ट हीच वाटते. मोठ्या आतड्यातल्या पेशींचं आवडतं इंधन ब्युटिरेट. ते जिवाणू तंतुमय पदार्थांपासून बनवतात. जत-आटपाडीकडची ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी हा त्यांचा खुराक. वजन जास्त असेल तर ते सात ते दहा टक्के उतरल्यावर यकृतातली चरबी आणि दाह दोन्ही कमी होतात. ‘आतड्यासाठी चांगलं’ म्हणून मिळणारी गोड प्रोबायोटिक पेयं घेण्याआधी मात्र बाटलीवरचा साखरेचा आकडा जरूर वाचा.