द्विगुणित व एकगुणित पेशी

गुणसूत्रांचे दोन संच असलेली पेशी द्विगुणित (२ एन) आणि एकच संच असलेली एकगुणित (एन). माणसाच्या देहपेशीत ४६ गुणसूत्रे, म्हणजे २३ जोड्या. शुक्राणूत प्रत्येक जोडीतले एक, म्हणून २३. कांद्यात १६ व ८, भातात २४ व १२.

या संज्ञा बॉन येथील वनस्पतिशास्त्रज्ञ एडुआर्ड स्ट्रासबुर्गर यांनी १९०५ मध्ये मांडल्या. कल्पना त्याआधीची. घोड्याच्या जंतात अंडे व शुक्राणू गुणसूत्रांचा सारखाच वाटा देतात, हे एदुआर व्हान बेनेडेन यांनी १८८३ मध्ये दाखवले होते.

गफलत बहुधा संचसंख्या आणि डीएनएचे प्रमाण एकच मानल्याने होते. अर्धसूत्री विभाजनापूर्वी (ज्यातून शुक्राणू, अंडपेशी अशी युग्मके बनतात) डीएनए दुप्पट होतो, संच मात्र दोनच राहतात. पहिल्या विभाजनात समजात (आई-वडिलांकडून एकेक आलेल्या) गुणसूत्रांच्या जोड्या फुटतात. पेशी तेव्हाच एकगुणित होते, पण तिचे प्रत्येक गुणसूत्र अजून दुपदरी असते. दुसऱ्या विभाजनात हे पदर सुटतात. त्यामुळे विभाजनाच्या तयारीतली एकगुणित पेशी आणि नुकतीच जन्मलेली द्विगुणित पेशी यांत डीएनए सारखाच भरतो. नुसत्या डीएनए-मापनावर विसंबू नये. मुळाच्या टोकातील पेशींत मध्यावस्थेत (विभाजनाच्या ज्या टप्प्यात गुणसूत्रे स्पष्ट दिसतात) गुणसूत्रे मोजणे अधिक खात्रीचे. मानवी अंडपेशीचे दुसरे विभाजन तर शुक्राणू आत शिरल्यावरच पुरे होते. तोवर ती एकगुणित असूनही तिची गुणसूत्रे दुपदरीच असतात.

गव्हात (४२ गुणसूत्रे) परागकणातील जननपेशीत २१ असतात, पण ते ७-७ चे तीन संच. म्हणून ‘एन’ (युग्मकातील संख्या) आणि ‘एक्स’ (मूळ संच) वेगळे ठेवण्याची पद्धत अधिक ग्राह्य वाटते.

एकगुणित अवस्था युग्मकांपुरतीच नसते. शेवाळीची हिरवी वनस्पती एकगुणित असते. मधमाश्यांत अफलित अंड्यातून १६ गुणसूत्रांचा नर, तर फलित अंड्यातून ३२ गुणसूत्रांची मादी होते.

दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा व सतीशचंद्र माहेश्वरी यांनी १९६४ मध्ये धोतऱ्याचे परागकोश (फुलातील परागकणांच्या पिशव्या) प्रयोगशाळेत वाढवून, म्हणजे संवर्धनातून, भ्रूण मिळवले. ते परागकणांतूनच उपजतात हे पुढे सिद्ध झाले. अशी एकगुणित रोपे सहसा वांझ असतात, कारण जोडीदार गुणसूत्र नसल्याने अर्धसूत्री विभाजनात वाटणी बिघडते. कॉल्चिसीन हे रसायन तर्कूचे (विभाजनात गुणसूत्रे ओढणारे) तंतू बनू देत नाही, त्यामुळे दुपटलेली गुणसूत्रे एकाच पेशीत राहतात आणि सर्व जनुकस्थानी समयुग्मी (जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या असलेला), शुद्ध वाण एकाच पिढीत हाती येतो. मात्र परागकोशाच्या भिंतीतूनही पेशीपुंज वाढतो. तो मुळातच द्विगुणित असल्याने कॉल्चिसीन देण्यापूर्वी प्रत्येक रोपाची गुणसूत्रे मोजावी लागतात.